सासऱ्यांचे तीन जिने आणि उलव्याचा फ्लॅट

*ताई, माझं वय ३९, यजमानांचं ४३. घोडबंदर रोडला कासारवडवलीत आमचं टू बीएचके आहे. त्याच्या कर्जाचे २२ लाख बाकी आहेत, व्याज साडेआठ टक्के, हप्ता ३१,०००. यजमानांनी लग्नाआधी, २०१२ साली, कामोठ्याला २४ लाखांत वन बीएचके घेतला होता. त्यावर आता कर्ज नाही, भाडं १५,००० येतं. एजंट म्हणतो, आज ५२ लाख सहज येतील. १८ लाखांच्या ठेवी आहेत. यजमानांच्या हातात ९५,००० येतात, माझ्या ६२,०००. घरखर्च ६५,००० च्या आसपास. मुलगी आठवीत आहे.*

*सासू-सासरे डोंबिवलीत राहतात. तिसरा मजला, लिफ्ट नाही, इमारत जुनी, पुनर्विकासाची नुसती बोलणी चाललीत. सासऱ्यांना गेल्या वर्षी अर्धांगवायूचा सौम्य झटका आला. आता ते खाली उतरतात ते फक्त डॉक्टरकडे जायला. त्यांना २८,००० पेन्शन आहे, मेडिक्लेम माझ्या ऑफिसचा. नणंदबाई नाशिकला असतात.*

*मला नोकरी सोडून बीएड करायचंय. किती वर्षं हे मनात आहे. यजमान म्हणतात, नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला, आत्ताच उलव्याला ६५ लाखांचा फ्लॅट बुक करू. १५ लाख भरू, ५० लाख कर्ज काढू. ताबा तीन वर्षांनी. हप्ता भाड्यातून निघेल, दोन घरांची भाडी सुरू झाली की तू नोकरी सोड, आई-बाबांचंही तेव्हा बघू. बुकिंगचे पैसे या महिनाअखेर द्यायचे आहेत. मला नाही म्हणता येत नाही आणि हो म्हणवत नाही.*

*— क., ठाणे*

प्रिय क.,

महिनाअखेरीला बुकिंगचे पैसे देऊ नका. बाकीचं सावकाश बोलू, पण एवढं आधी, कारण पैसे एकदा गेले की पुढची सगळी चर्चा ते परत कसे मिळवायचे याचीच होते.

तुमच्या घरात खरं तर तीन निर्णय आहेत. सासू-सासऱ्यांनी कुठे राहायचं, तुम्ही नोकरी सोडायची का, आणि पैसा कशात ठेवायचा. यातला तिसरा तुम्ही दोघांनी सगळ्यात पुढे उभा केलाय आणि पहिले दोन त्याच्या मागे रांगेत लावलेत. सासऱ्यांना आज जिना झेपत नाही आणि त्यांना तीन वर्षांनंतरची तारीख मिळाली आहे, तीही बिल्डर वेळेत ताबा देईल असं धरून.

उलव्याचा हिशेब तुमच्याच आकड्यांनी मांडते. बँक या रकमेच्या घराला किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत कर्ज देते, पण मुद्रांक शुल्क आणि नोंदणी त्यात धरत नाही. मुद्रांक शुल्क ६ टक्के धरलं तरी ३ लाख ९० हजार. नोंदणीचे ३० हजार. बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी ५ टक्के, म्हणजे ३ लाख २५ हजार. हे झाले साडेसात लाखांच्या जवळ. तुमचे १५ लाख त्यात मिळवले तर साडेबावीस लाख हवेत आणि ठेवी आहेत १८ लाखांच्या. उरलेले साडेचार लाख कुठून आणायचे, याचा उल्लेख पत्रात नाही. कदाचित घरात तो विषय निघालेलाच नाही.

आता हप्ता. ५० लाखांवर साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता साधारण ४३,४०० येतो. ताबा मिळेपर्यंत भाडं शून्य, आणि बिल्डरला कर्जाचे टप्पे जातील तसा बँकेचा आकडा वाढत जाणार. ताबा मिळाला, भाडेकरू लगेच मिळाला, खर्च वजा जाता १२,००० हातात आले असं उदारपणे धरू. तुम्ही नोकरी सोडलेली असेल, तर यजमानांचे ९५,०००, उलव्याचे १२,००० आणि कामोठ्याचे १०,६०० (हा आकडा कसा आला ते पुढे सांगते) मिळून १,१७,६०० होतात. दोन हप्ते ७४,४००. उरतात ४३,२००, आणि घरखर्च आहे ६५,०००. म्हणजे 'फ्लॅट घेऊ, मग तू नोकरी सोड' हे प्रत्यक्षात होणारच नाही. तो फ्लॅट घेतलात तर कासारवडवलीचं कर्ज फिटेपर्यंत, म्हणजे आणखी आठेक वर्षं, तुम्हाला नोकरीत राहावंच लागेल. तुमच्या यजमानांना हे मुद्दाम करायचंय असं मला अजिबात वाटत नाही. त्यांनी भाड्याचा आकडा पाहिला, हातात उरणारा पाहिला नाही. आपल्याकडे घरोघरी असंच होतं.

कर वाचेल हा मुद्दाही निघेल. नव्या करप्रणालीत भाड्याने दिलेल्या घराचं व्याज भाड्याच्या उत्पन्नापुरतंच वजा होतं. त्यातून होणारा तोटा पगारातून वळता करता येत नाही. जुन्या प्रणालीत तो वर्षाला २ लाखांपर्यंत करता येतो. यजमान कोणत्या प्रणालीत आहेत ते बघा आणि मगच कर वाचतो का ते ठरवा.

विमानतळाचं म्हणाल, तर तो झाला हे खरंच आहे. उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं, २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली. अटल सेतू त्याच्याही आधी, जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. पण पायाभरणी २०१८ ची, आणि विमानतळ येणार म्हणून उलव्यात लोक त्याच्याही कितीतरी आधीपासून घरं घेत आले आहेत. येणाऱ्या विमानतळाची किंमत त्या ६५ लाखांत आधीच धरलेली आहे. ती मोजून तुम्ही आता आत शिरणार. भाडं मात्र आशेवर वाढत नाही. तिथे राहायला आलेल्या माणसाचा पगार जेवढा, तेवढंच ते वाढतं. शिवाय नव्या टॉवरचा ताबा मिळतो तेव्हा त्यातले सगळे गुंतवणूकदार एकाच महिन्यात भाडेकरू शोधत फिरतात, हे नवी मुंबईत प्रत्येक नव्या नोडमध्ये, म्हणजे नव्या वसाहतीत, दिसलेलं आहे. उलवे वाईट नाही. तुमच्या घराच्या या घडीला ते बसत नाही.

आता कामोठे. वर्षाचं भाडं १,८०,०००. सोसायटीचा मेंटेनन्स महिना १,८०० धरला तर वर्षाला २१,६००. मालमत्ता कर ६,०००. दोन वर्षांनी भाडेकरू बदलतो असं धरून एक महिना रिकामा आणि एक महिन्याची दलाली, त्याचे वर्षाला १५,०००. रंग, नळ, गीझर, गळती यांचे १०,०००. वजा जाता उरले १,२७,४००, म्हणजे महिन्याला १०,६००. ५२ लाखांवर हे अडीच टक्केही होत नाहीत. यावर आयकर वेगळा, अर्थात त्यात पालिकेचा कर वजा करून उरलेल्या भाड्यावर ३० टक्क्यांची सरसकट वजावट मिळते.

आणि या हिशेबात एक खर्च मी धरलेला नाही, तो तुमचा. तुमच्या पत्रात ओझरता उल्लेख असता तरी मला बरं वाटलं असतं, पण नाही. ठाण्याहून कामोठ्याला प्लंबर घेऊन कोण जातं? नवा भाडेकरू आला की पोलिसांकडे माहिती कोण भरतं, करारासाठी अंगठा द्यायला सुट्टी कोण काढतं? बहुतेक घरांत हे काम बाईकडे येतं आणि त्याला 'घरबसल्या उत्पन्न' म्हणतात. दुसरं भाड्याचं घर घेणं म्हणजे हे काम दुप्पट करणं. अर्धांगवायू झालेले सासरे, दोन वर्षांनी दहावीला बसणारी मुलगी आणि बीएडचा अभ्यास, यांच्यामध्ये ते कुठे बसवणार?

तरीही कामोठ्याची बाजू प्रामाणिकपणे सांगायला हवी. २०१२ चे २४ लाख आज ५२ लाख झाले असतील, तर किंमत वर्षाला सरासरी सहा टक्क्यांनी वाढली. त्यात भाड्याचे अडीच टक्के मिळवा. तुमच्या यजमानांनी तेव्हा चांगलाच निर्णय घेतला होता. पहिल्या कमाईतून, एकट्याच्या जिवावर घेतलेलं घर आहे ते. त्यांचा जीव त्यात असणारच, आणि 'विकून टाका' असं कोणी फटकन म्हटलं तर ते दुखावणार. पण वाढलेली किंमत दर महिन्याच्या खर्चाला उपयोगी पडत नाही आणि पुढची काही वर्षं तुमची अडचण नेमकी दर महिन्याचीच असणार आहे. एका खिशात अडीच टक्के येतात आणि दुसऱ्या खिशातून साडेआठ टक्के जातात.

म्हणून विकण्याचा हिशेब निदान कागदावर तरी एकदा मांडा. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं घर विकताना तुम्हाला दोन पर्याय आहेत. महागाई निर्देशांक न लावता नफ्यावर साडेबारा टक्के कर, किंवा निर्देशांक लावून २० टक्के. पहिल्यात २८ लाखांच्या नफ्यावर साडेतीन लाख कर. दुसऱ्यात २०१२-१३ चा निर्देशांक २०० आणि २०२५-२६ चा ३७६, म्हणजे २४ लाखांची खरेदी ४५ लाख १२ हजारांची धरली जाते. नफा उरतो ६ लाख ८८ हजार आणि कर होतो उपकर धरून साधारण १ लाख ४३ हजार. फरक दोन लाखांहून जास्त आहे, त्यामुळे सीए गाठून त्या वर्षाच्या निर्देशांकाने हे नक्की करून घ्या. इमारत सिडकोच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवर असेल तर हस्तांतरण शुल्क कोण भरणार, हे टोकन घेण्याआधीच लेखी ठरवा. नवी मुंबईत व्यवहार अडतात ते बरेचदा इथेच.

कर, दलाली, शुल्क जाऊन साडेएकोणपन्नास लाख हातात आले असं समजू. २२ लाखांचं कर्ज मिटवलं (बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही) तरी २७ लाख उरतात. ते साध्या मुदत ठेवीत साडेसहा टक्क्यांनी ठेवले तर महिन्याला साडेचौदा हजारांवर व्याज येतं. कामोठ्याहून जास्त, आणि प्लंबर लागत नाही. त्या व्याजावरही कर आहे, पण ३१,००० चा हप्ता संपलेला असेल.

आता सासू-सासऱ्यांकडे येऊ. खरं तर हाच विषय आधी घ्यायला हवा होता. घर म्हटलं की आपल्या डोक्यात विकत घेणंच येतं. त्यांच्यासाठी तुमच्या जवळ लिफ्टचं घर विकत घ्यायची काहीच गरज नाही. ते भाड्याने घ्या. ज्या हिशेबाने कामोठ्यात मालक म्हणून तुमच्या हाती थोडं पडतं, त्याच हिशेबाने कासारवडवलीत भाडेकरू म्हणून तुम्हाला स्वस्त पडेल. समजा तुमच्या संकुलात वन बीएचके ८० लाखांना आहे आणि त्याचं भाडं २२,००० आहे. तोच विकत घ्यायला ६४ लाखांचं कर्ज काढलं तर हप्ता साडेपंचावन्न हजार होईल. ११ महिन्यांचा करार करा, लॉक-इन, म्हणजे मध्येच घर सोडता न येण्याचा काळ, कमीत कमी ठेवा. शक्य असेल तर तुमच्याच इमारतीत घ्या, निदान त्याच फाटकाच्या आत. सासऱ्यांना रोज संध्याकाळी खाली बसता येईल आणि तुमची डोंबिवलीची धावपळ थांबेल.

सगळं एकत्र करून पाहा. कामोठे विकून कर्ज मिटवलं, तर यजमानांचा पगार आणि ठेवीचं व्याज मिळून १,०९,६००. घरखर्च ६५,०००, आई-बाबांच्या घराचं भाडं २२,०००. तुमचा पगार शून्य धरूनही २२,६०० उरतात. सासऱ्यांच्या पेन्शनला हात लावलेला नाही आणि १८ लाखांच्या ठेवी तशाच आहेत. हाच संसार उलव्याचा फ्लॅट घेऊन दर महिन्याला बावीस हजारांनी तोट्यात जात होता, आणि त्यात आई-बाबांचं भाडं धरलेलंही नव्हतं.

पण थांबा. तुमचं पत्र मी परत वाचलं. त्यात यजमान काय म्हणतात ते आहे, एजंट काय म्हणतो ते आहे, तुमच्या मनात काय आहे ते आहे. सासरे काय म्हणतात हे एकदाही आलेलं नाही, सासूबाईही कुठे बोललेल्या नाहीत. त्यांना विचारलंत का? ज्यांचं आयुष्य डोंबिवलीत गेलं, दिवाळी पहाट फडके रोडवर झाली, ज्यांची शेजारीण कुकरच्या शिट्ट्या मोजून गॅस बंद करायला येते, त्यांना घोडबंदरच्या बाराव्या मजल्यावर नेलं तर लिफ्ट मिळेल, पण माणसं कुठून मिळतील? कदाचित त्यांना डोंबिवलीतच लिफ्टचं किंवा तळमजल्याचं घर हवं असेल. तेही भाड्याने मिळतं आणि ठाण्यापेक्षा स्वस्त मिळतं. तसं झालं तर धावपळ तुमच्याकडेच राहील, म्हणून ते ठरवताना यजमानांनी आठवड्यातले आपले दिवस आधी बांधून द्यायला हवेत. एक रविवार काढून दोघं जा, चहा घेत समोर बसा आणि विचारा. यजमानांनी विचारलेलं बरं. सून विचारते तेव्हा म्हातारी माणसं 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणून मोकळी होतात, मुलाला खरं सांगतात.

ठाण्याला यायचं ठरलं तरी डोंबिवलीचं घर पहिले तीन-चार महिने बंद ठेवा, भाड्याने देऊ नका. परत जाता येतं हे माहीत असलं की माणूस नव्या जागेत लवकर रमतो. आणि ते घर विकायचा विषय आत्ता काढूच नका. पुनर्विकास मार्गी लागला तर सभासदाला नवं घर मिळतं आणि तोवरच्या पर्यायी जागेचं भाडं विकासक देतो. ते घर सासऱ्यांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेलं असेल तर त्याचं काय करायचं ते सासरेच ठरवतील. पण बोलणं होईल तेव्हा नाशिकच्या नणंदबाईंना फोनवर तरी घ्या. आई-वडिलांना हलवल्याचं मागाहून कळलं तर त्या दुखावतील, आणि ते रास्तच असेल. सासऱ्यांना मृत्युपत्र करायचं असेल तर आत्ता, प्रकृती बरी असताना करावं. दोन साक्षीदार आणि मन सुदृढ असल्याचा डॉक्टरांचा दाखला पुरे. सोसायटीतलं नॉमिनेशन म्हणजे मालकी नव्हे, हेही घरात सगळ्यांना माहीत असू द्या.

तुमच्या बीएडबद्दल मला काहीच शंका नाही. तुम्ही ते करावं. दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, प्रवेश सीईटीतून होतो, म्हणजे तयारीला वेळ आहेच. त्यानंतर खासगी शाळेत सुरुवातीचा पगार आजच्या ६२,००० च्या जवळपास असेल अशी आशा धरू नका. हे यजमानांनाही स्पष्ट सांगा, म्हणजे दोन वर्षांनी कुणाला फसवल्यासारखं वाटणार नाही. राजीनाम्याआधी सहा महिने घर एकट्या यजमानांच्या पगारावर चालवून बघा आणि तुमचा पगार पूर्ण बाजूला टाका. ३१,००० चा हप्ता चालू असताना ते जड जाईल. किती जड जातं ते कळलं की कामोठ्याचा विषय यजमान बहुधा स्वतःच काढतील, आणि त्यांनी तो स्वतः काढणं तुम्ही काढण्यापेक्षा केव्हाही चांगलं. त्यांना विकायचं नसेल तर भांडू नका. तेव्हा पर्याय असा की ठेवींमधले दहा लाख कासारवडवलीच्या कर्जात भरा आणि बँकेला मुदत तीच ठेवून हप्ता कमी करायला सांगा. विकण्याएवढी मोकळीक त्यात मिळणार नाही, पण बीएडची दोन वर्षं निघतील.

मला खरी काळजी वाटते ती मेडिक्लेमची. सासऱ्यांचा विमा तुमच्या नोकरीवर आहे. तुम्ही राजीनामा दिला की तो जाईल, आणि अर्धांगवायू होऊन गेलेल्या माणसाला नवी पॉलिसी मिळाली तरी आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत त्यांना वळवता येतं का, किती हप्ता पडेल, अर्ज कधी करायचा, हे ऑफिसच्या एचआरला आणि विमा कंपनीला नोकरीत असतानाच विचारा, उत्तर ईमेलवर घ्या. ते हातात येईपर्यंत राजीनामा लिहू नका. सासरे कुठे राहणार याच्याइतकंच हे महत्त्वाचं आहे.

कामोठे ठेवा वा विका, तिथला करार नोंदवलेला आहे ना ते आजच बघा. चांगलं कुटुंब आहे म्हणून मुदत संपल्यावरही तोंडी चालू ठेवलेले करार मी खूप पाहते. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे, ती जबाबदारी घरमालकाची आहे, आणि नोंदणी नसेल तर वादात अटींबद्दल भाडेकरू म्हणेल तेच आधी ग्राह्य धरलं जातं. ११ महिन्यांच्या तुमच्या करारावर मुद्रांक शुल्क पाचशे रुपयांच्या आत आणि नोंदणीचे १,०००, सगळं ऑनलाइन होतं. विकायची वेळ आली तर घर रिकामं करून मिळणं या एका कागदावर अवलंबून असेल. या वेळी मात्र अंगठा द्यायला यजमानांनी सुट्टी काढावी. घर त्यांच्या नावावर आहे.